स्किड्स म्हणजे नुसता सिनेमातला तो हिरवा बडबड्या नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ट्रान्सफॉर्मर्सवर, म्हणजे त्या गाडीचा रोबो होणाऱ्या खेळण्यांवर, पानभर लेख छापलात त्याबद्दल आधी आभार मानतो, मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते आणि आमच्यासारखी चाळिशी ओलांडलेली पोरं असं पान कापून ठेवतात. ऑप्टिमस प्राइम, बंबलबी, मेगाट्रॉन यांच्याबद्दल लिहिलेलं सगळं ठीकच आहे. पण खाली एक चौकट होती फसलेल्या पात्रांची, आणि त्यात स्किड्सची ओळख काय करून दिलीय तर २००९ च्या सिनेमातला अडाणी विनोदी रोबो, बास, एवढंच. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, पत्र जरा लांबेल, काटछाट करायची तर करा पण निळ्या स्किड्सबद्दलचं तेवढं ठेवा.

निळा कोण ते सांगतो. स्किड्स हे खेळणं १९८५ सालचं आहे, सिनेमाच्या चोवीस वर्षं आधीचं. आणि त्याच्याही आधी ते जपानमधे ताकारा कंपनीच्या डायक्लोन नावाच्या मालिकेत होतं, तिथे त्याला स्किड्स वगैरे काही नाव नव्हतं, ती होती होंडा सिटी टर्बो. आता होंडा सिटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ती लांबलचक डिकीवाली सेडान येते जी १९९८ पासून आपल्याकडे विकली जातेय, ती नाही हो. जपानमधली १९८१ ची पहिली सिटी म्हणजे छोटी, उंच टपाची, डब्यासारखी हॅचबॅक होती, आणि तिच्या डिकीत मावेल अशी घडीची स्कूटर होंडाने सोबत काढली होती, मोटोकॉम्पो नावाची, ५० सीसीच्या आतली, हँडल आणि सीट आत दुमडून सुटकेससारखी ठेवायची. ज्याने ही कल्पना काढली त्याला माझा दंडवत, पुण्यात पार्किंग शोधणाऱ्या माणसालाच तिची खरी किंमत कळेल. तर अशा त्या गाडीचा रोबो. डायक्लोनमधे हे रोबो जिवंत नव्हते, ती माणसांनी चालवायची यंत्रं होती, इंचभर उंचीचा चालक आत बसायचा. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे साचे घेतले, चालक काढून टाकला आणि सांगितलं की रोबो स्वतःच जिवंत आहे, परग्रहावरून आलाय. १९८४ ला ट्रान्सफॉर्मर्स नावाने हे सुरू झालं. म्हणजे खेळणी आधी होती, गोष्ट नंतर रचली, आणि गोष्टीचं काम एकच, खेळणी खपवणं. हे मान्य करूनच पुढे बोलू, उगाच पवित्र वगैरे काही नाहीये त्यात.

गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं आणि तिथे बॉब बुडियान्स्की नावाच्या माणसाने बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव लिहून काढले. मेगाट्रॉन हे नाव त्याचंच. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं कारण त्याच्यासमोर खेळण्यांची ढीगभर यादी, प्रत्येकाला खोक्यामागे छापायला चार ओळींचा स्वभाव द्यायचा, कुणीही असता तर शूर, अतिशूर, महाशूर असं करून मोकळा झाला असता. त्याने तसं नाही केलं. एकाला गर्विष्ठ केलं, एकाला भित्रा, एकाला घरी जायची ओढ लागलेला, आणि स्किड्सला केलं सिद्धांत मांडणारा अभ्यासक. युद्धाला आलेला हा रोबो पृथ्वीकडे मोठी प्रयोगशाळा म्हणून बघतो, माणसं काय करतात, कशी जगतात हे निरखत बसतो, आणि निरखता निरखता रस्त्याकडे लक्ष राहत नाही म्हणून कशाला तरी जाऊन आदळतो. मला सांगा, गाडीच असलेल्या माणसाने, सॉरी रोबोने, विचारांच्या तंद्रीत गाडी ठोकावी यापेक्षा गोड काय असणार.

त्या काळात खोक्यामागे ताकद, वेग, बुद्धी वगैरेंचा एक आलेख छापलेला असायचा, तो नुसत्या डोळ्यांनी नीट दिसायचा नाही, सोबत लाल पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी यायची ती वर धरली की दिसायचा. आणि १९८५ पासून अंगावर एक स्टिकर आलं, बोटाने घासून गरम केलं की ऑटोबॉटचा किंवा डिसेप्टिकॉनचा, म्हणजे एकमेकांशी युद्ध करणाऱ्या रोबोंच्या दोन गटांपैकी एकाचा, चेहरा उमटायचा, नकली माल ओळखायची ही युक्ती. आमच्याकडे जत्रेतून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून जे यायचं ते सगळं नकलीच, त्यामुळे आम्ही कितीही घासलं तरी अंगठाच गरम व्हायचा. असो.

कार्टूनने मात्र स्किड्सला अजिबात भाव दिला नाही. दुसरा सीझन ४९ भागांचा होता, पण त्या वर्षी एवढी नवी खेळणी आली होती की प्रत्येकाला तोंड दाखवायला लावायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं झालं, एक उठला की दुसरा बसला. स्किड्स कुठेतरी मागच्या रांगेत दिसतो आणि संपलं. त्याला खरी जागा मिळाली ती मार्व्हलच्या कॉमिकमधे, २० व्या अंकात, १९८६ साली. गोष्ट साधी आहे. जखमी, म्हणजे मोडलेला स्किड्स एका सुपरमार्केटमधे बिलं करणाऱ्या मुलीला मिळतो, शार्लीन तिचं नाव, ती त्याला घरी नेते, दुरुस्त करून घेते. आणि स्किड्सला वाटायला लागतं की हे बरं आहे की, कशाला हवंय ते युद्ध, इथेच राहावं. म्हणजे सैनिक पळून जायचा विचार करतो, चक्क, आणि हे लहान मुलांच्या खेळण्याच्या जाहिरातीसाठी काढलेल्या कॉमिकमधे! शेवटी रॅव्हेज नावाचा डिसेप्टिकॉन, काळ्या बिबट्यासारखा, त्याच्या मागावर येतो, एका ओसाड गावात झटापट होते, रॅव्हेज जुन्या खाणीत पडतो, आणि स्किड्सला कळतं की आपण इथे थांबलो तर युद्ध आपल्या मागोमाग शार्लीनच्या दारात येणार, म्हणून तो परत जातो. बावीस तेवीस पानांची गोष्ट, पण त्या अंकाएवढं शांत आणि उदास काही त्या मालिकेत मी तरी फार पाहिलं नाही. त्यानंतर तिथेही त्याला कुणी विचारलं नाही हे खरंय, नवी खेळणी आली की जुनी मागे, धंदा आहे तो.

आता २००९. मायकल बे यांच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मर्स सिनेमात जुळे रोबो आले, स्किड्स आणि मडफ्लॅप. आधी दोघं मिळून एक आइस्क्रीमची गाडी असतात, मग दोन वेगळ्या छोट्या शेवरले होतात, हिरवी बीट आणि लाल ट्रॅक्स. दोघं सतत भांडतात, शिव्या देतात, एकाचा दात सोन्याचा, आणि जुनी परग्रहावरची लिपी समोर आली तेव्हा तुम्हाला वाचता येतं का विचारल्यावर आम्ही वाचनाच्या भानगडीत पडत नाही असं सांगतात. अमेरिकेत यावर खूप टीका झाली, काळ्या लोकांची टिंगल करणारं जुनं ठोकळेबाज चित्रण रोबोच्या तोंडी घातलंय असं लोकांनी स्पष्ट लिहिलं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं, यात फक्त विनोद आहे म्हणून सोडून द्या असं म्हणता येत नाही. २०११ च्या तिसऱ्या सिनेमात दोघांना गोष्टीतून काढूनच टाकलं, गाड्या तेवढ्या एका ठिकाणी उभ्या दिसतात.

म्हणजे बघा काय झालं. ज्याच्या खोक्यावर अभ्यासक लिहिलं होतं, जो माणसं वाचत बसायचा, त्याचंच नाव निरक्षर म्हणून खिल्ली उडवलेल्या रोबोला लागलं, आणि आता तुमच्यासारख्या चांगल्या पेपरातही स्किड्स म्हटलं की तोच आठवतो. जुन्याशी याचा काही संबंध नाही, ना रंग, ना गाडी, ना स्वभाव. मग नाव का तेच? तर याचं उत्तर कला वगैरे नाही, ट्रेडमार्क आहे. अमेरिकेच्या कायद्यात एखादं नाव सलग तीन वर्षं वापरलं नाही तर मालकाने ते सोडून दिलं असं धरता येतं, मग दुसरी कंपनी ते उचलू शकते. म्हणून खेळण्यांच्या कंपन्या नावं अशी फिरवत ठेवतात, या वर्षी ट्रकला, पुढच्या वर्षी हेलिकॉप्टरला. ज्यांची नावं हातची जातात त्यांचे हाल वेगळेच. ट्रेलब्रेकर म्हणून एक जुना काळा रोबो आहे, २०१३ मधे त्याचं नवं खेळणं आलं तर खोक्यावर नाव काय, ट्रेलकटर. आणि गंमत म्हणजे कॉमिकच्या लेखकाने ते तसंच गोष्टीत घेतलं, त्या पात्राने स्वतःचं नाव बदललं असं दाखवलं.

इथे आमच्या गावाचं थोडं सांगतो कारण चौकटीत तेही राहिलंय, आणि तुमच्या पुणे आवृत्तीला तर ते माहीत असायला हवं होतं. ती हिरवी बीट २००७ च्या न्यूयॉर्क ऑटो शोमधली कन्सेप्ट गाडी, बीट, ट्रॅक्स आणि ग्रूव्ह अशा तीन मांडल्या होत्या, लोकांकडून ऑनलाइन मतं मागवली आणि बीट पहिली आली. मग तीच प्रत्यक्षात निघाली ती आपल्याकडे जानेवारी २०१० मधे, सिनेमानंतर सहा सात महिन्यांत, आणि ती बनायची कुठे तर इथे तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात, जो २००८ मधे सुरू झाला होता. जगात बऱ्याच ठिकाणी हीच गाडी स्पार्क नावाने विकली गेली, पण आपल्याकडे स्पार्क हे नाव आधीच जुन्या मॅटिझवाल्या गाडीला देऊन झालेलं म्हणून आपली बीट बीटच राहिली. म्हणजे नावांची अदलाबदल खेळण्यांतच होते असं नाही. २०११ मधे तिचं डिझेल आलं, ९३६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आमच्या भागात अजून फिरताना दिसतात पुष्कळ. २०१७ अखेर कंपनीने भारतात विक्री थांबवली, परदेशी पाठवायचं उत्पादन २०२० च्या डिसेंबरपर्यंत चाललं, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे गेलाय. तेव्हा मावळातल्या पोरांना सिनेमातला स्किड्स माहीत असणं अगदी साहजिक आहे, पार्किंगमधे उभा असायचा तो! माझा भाचा लहान असताना सोसायटीतल्या हिरव्या बीटला स्किड्सच म्हणायचा, मालकाला कळेना हा पोरगा आपल्या गाडीशी का बोलतो. त्या पोरांना दोष नाही. पण पेपरने तरी सांगावं ना की याच्याआधी एक होता.

आणि नंतरही एक होता, तोच तर सगळ्यात भारी. २००५ च्या शेवटापासून ट्रान्सफॉर्मर्सची कॉमिक्स आयडीडब्ल्यू नावाची कंपनी काढायची. जानेवारी २०१२ मधे त्यांनी 'मोअर दॅन मीट्स द आय' ही मालिका सुरू केली, लेखक जेम्स रॉबर्ट्स, चित्रं निक रोश आणि मुख्यतः अ‍ॅलेक्स मिल्न यांची. रॉबर्ट्स हा ब्रिटनमधला जुना चाहता, हौस म्हणून ट्रान्सफॉर्मर्सवर अख्खी कादंबरी लिहिलेला, म्हणजे आपल्यातलाच. त्याने काय केलं की लाखो वर्षांचं युद्ध संपलंय इथून सुरुवात केली. आता लढायला काही नाही, मग हे सैनिक करणार काय? तर रॉडिमस नावाचा जरा उथळ कप्तान लॉस्ट लाइट नावाचं जहाज घेऊन पुराणातल्या शूरवीरांच्या शोधात निघतो आणि जहाजावर चढतात कोण, तर सगळे मागच्या रांगेतले. स्वर्व्ह, ज्याचं १९८६ चं खेळणं दुसऱ्याच एका रोबोचा साचा थोडा बदलून काढलेलं, तो जहाजावर बार उघडतो. टेलगेट. रिवाइंड. जहाजावर मानसोपचारतज्ज्ञ आहे, कारण एवढं युद्ध करून आलेल्यांना त्याची गरज पडणारच, आणि हे कुणाला आधी सुचलं कसं नाही. मोठ्या पात्रांना हात लावायचा तर कंपनीची शंभर बंधनं, ऑप्टिमसला दारुडा करता येत नाही, पण स्वर्व्हला कोण विचारतंय, त्यामुळे लेखकाला मोकळं रान मिळालं असावं असा माझा अंदाज.

या जहाजावर सुरुवातीलाच स्किड्स येऊन पडतो आणि त्याच्या आठवणीत मोठं भगदाड आहे. मधली कितीतरी वर्षं गायब, कुठे होता, काय करत होता, काही आठवत नाही. हसरा, सगळ्यांशी पटवून घेणारा, आणि कुठलीही गोष्ट एकदा पाहिली की शिकणारा. बुडियान्स्कीने १९८५ ला खोक्यामागे जे अभ्यासू निरीक्षक म्हणून लिहिलं होतं ते धरून रॉबर्ट्सने त्याला सुपरलर्नर केलं, कसलंही कौशल्य झपाट्याने आत्मसात करणारा. आणि अशा सगळं शिकणाऱ्याला नेमकं स्वतःचंच काही माहीत नाही, ही मेख. पुढे हळूहळू कळतं की ग्राइंडकोर नावाच्या एका डिसेप्टिकॉन छळछावणीशी त्या विसरण्याचा संबंध आहे. सगळं सांगत नाही, कुणाला वाचायचं असेल तर मजा जाईल, पण एवढं सांगतो की मालिकेच्या शेवटाकडे, २०१६ मधे, मित्रांना वाचवताना स्किड्सचा जीव जातो आणि मी चांगला बायकोपोरांचा माणूस, रात्री मोबाइलवर ते पान बघून गप्प बसून राहिलो होतो, बायकोने विचारलं ऑफिसात काही झालं का, तर काय सांगणार, होंडा सिटी गेली म्हणून? मालिका ५७ अंकांवर थांबली, पुढे 'लॉस्ट लाइट' नावाने २५ अंक आले, २०१८ ला तेही संपलं. त्यात नॉटिका म्हणून त्याची जिवलग मैत्रीण आहे, तिचं दुःख वाचा एकदा, मग सांगा खेळण्यांचं कॉमिक आहे म्हणून.

कॉमिक गाजल्यावर मग खेळणी आली. २०१४ मधे हॅस्ब्रोने जनरेशन्स मालिकेत नवा स्किड्स काढला, निळाच, आणि खोक्यात कॉमिकचा अंक घालून विकला. १९८५ ला खेळणं खपावं म्हणून गोष्ट लिहिली गेली होती, इथे गोष्ट लोकांना आवडली म्हणून खेळण्याला गिऱ्हाईक मिळालं, उलटी गंगा. २०२२ मधे लेगसी मालिकेत आणखी एक आला, तो जुन्या गाडीच्या वळणावर, तसाच उंच टपाचा चौकोनी. होंडाचा लोगो वगैरे नाही अर्थात. दोन्ही वेळा साच्याचे पैसे वसूल करायला त्यालाच वेगळा रंग मारून क्रॉसकट म्हणून पण विकला, ते त्यांचं चालूच असतं. माझ्याकडे लेगसीवाला आहे, टीव्हीच्या शेजारी, धूळ पुसताना बायको त्याचा हात मोडेल ही भीती कायम. चौकटीत तुम्ही म्हटलंय की हे पात्र कुणाला आठवत नाही. अहो, कुणाला आठवत नसता तर कंपनीने आठ वर्षांत दोनदा नवा साचा पाडला असता का? साचा पाडायला खर्च येतो, धंदेवाली माणसं आहेत ती, प्रेमापोटी करत नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापा. सिनेमातल्या स्किड्सवर जी टीका केलीय ती राहू द्या, तिला माझं पूर्ण अनुमोदन, फक्त हे नाव १९८५ पासूनच्या एका वेगळ्या, निळ्या पात्राचं आहे आणि मार्व्हल व आयडीडब्ल्यूच्या कॉमिकमधे त्याला चांगली जागा आहे एवढं त्यात यावं. फोटो छापायचा झाला तर प्लीज हिरवा नको. आणि लेखकाला सांगा की त्याच पानावर डायक्लोन ही अमेरिकन खेळणी म्हटलीयत तेही दुरुस्त करायला पाहिजे, ती जपानची, ताकाराची. पुढे मागे दुय्यम पात्रांवर मालिका करणार असाल तर स्वर्व्हपासून सुरुवात करा, त्याच्या बारबद्दलच एक अख्खा लेख होईल, आणि मानधन नको, मी लिहून देतो.

आपला एक जुना वाचक,
तळेगाव दाभाडे